नजरेचं चाक

नानांनी सुनेला पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. चतुर किड्याचा डोळा नेमका आला नसेल, तर फोटो फेकायचा. पंख कितीही देखणे येवोत, मागचं पाणी कितीही मऊ दिसो, डोळ्यावरची बारीक जाळी स्वच्छ दिसत नसेल तर तो फोटो नापास. "आणि पास-नापास तू करायचंस," ते म्हणाले होते. "मी करायला बसलो की प्रत्येक फोटोच्या वेळी गुडघे किती दुखले ते आठवतं. तुला आठवणार नाही. माझी गय करू नकोस."

सुनेला ते जमण्यासारखं होतं. ती पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होती. बाटलीतलं पाणी तपासून चालेल किंवा चालणार नाही एवढंच सांगायचं, बाटली कुणी भरून आणली ते बघायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. सासरे जन्मभर चष्मेवाले. बाजारातलं दुकान बंद केल्यावर त्यांनी भिंगं घासायची यंत्रं ओळखीच्यांना देऊन टाकली आणि अगदी जवळून फोटो घेणारी एक लेन्स तेवढी स्वतःसाठी आणली. कॅमेरा जुनाच होता, आत आरसा असलेला, डोळा लावून बघायचा. तेव्हापासून सुनेची कामाची वेळ व्हायच्या आधी दोघं केंद्राच्या मागच्या जुन्या टाकीवर जात. टाकी वापरातून गेली होती. काठाने लव्हाळी माजली होती आणि उन्हं वर आली की त्यांच्या शेंड्यांवर चतुर येऊन बसत.

नापास फोटो फेकताना सुनेचा हात कधी अडखळला नव्हता. गेल्या काही आठवड्यांत मात्र ती गय करू लागली होती, आणि नानांना ते कळू नये म्हणून जपत होती.

त्या सकाळीही ती दोघं टाकीवर पोचली तेव्हा पंपवाले काका फाटकाशी दात घासत उभे होते.

"काय नाना, काल तरी डास हसला का फोटोत?"

"डास नव्हे. डास खाणारा."

"मग एखादा माझ्या खोलीत आणून सोडा की. रात्रपाळी लावतो त्याला."

"तुमच्या घोरण्याला घाबरून पळेल तो," नाना म्हणाले आणि चिखलातून वाट काढत पुढे गेले.

एक तांबडा चतुर वाकलेल्या पात्यावर बसला होता. नाना लांबच थांबले. तो उडाला, टाकीवर एक फेरी मारून त्याच पात्यावर परत आला. आणखी एकदा उडाला, पुन्हा तिथेच आला. "हा घरचा आहे," नाना पुटपुटले. "आता जाऊ." चष्मा काढून त्यांनी वरच्या खिशात ठेवला आणि पाणी भरलेल्या बादल्या घेऊन चालल्यासारखे, एकेक पाऊल टेकवत ते निघाले. सून मागोमाग. तिच्या हातात दुधाच्या पांढऱ्या कॅनचा कापलेला तुकडा होता. तो उन्हाच्या आड धरला की उजेड मऊ होतो आणि पंखांवरची चकाकी मरते.

"सावली. तुझी सावली त्याच्यावर जातेय."

ती बाजूला सरकली.

"पंख सपाट पसरलेत. म्हणजे वरून घ्यायला हवा, कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर. नाहीतर एक पंख स्पष्ट आणि तीन धुक्यात." ते स्वतःशीच बोलत होते. "आणि तो बघतोय तिकडे मोकळं पाहिजे. भिंतीकडे तोंड करून उभं केलेल्या मुलासारखा दिसायला नको."

नाना लेन्सच्या कड्याला हात लावत नसत. ते एका जागी फिरवून चिकटपट्टीने बांधून टाकलेलं असे. नेमकेपणा आणायचा तो अंगाने. एकपायी काठीवर कॅमेरा टेकवायचा, श्वास सोडत सगळं शरीर पुढे झुकवायचं आणि डोळ्याला धार आली त्या क्षणी बटण दाबायचं. इतक्या जवळून घेताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पुठ्ठ्याच्या जाडीचा असतो. त्याच्या अलीकडेही धूसर, पलीकडेही. त्या पट्ट्यात चतुराचा डोळा आणून ठेवायचा म्हणजे अंगावर ताबा हवा, आणि नानांचा होता. ते झुकले, मागे आले, पुन्हा झुकले. बटणाचा आवाज झाला. चतुराने नुसती मान फिरवली.

"आला," नाना म्हणाले. पण 'आला' म्हणताना पूर्वी ते तिच्याकडे बघत. आता पाण्याकडे बघत होते.

परतताना तिने रोजच्यासारखा कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा रुमालाने पुसला. त्यावर नानांच्या नाकाचा तेलकट डाग उमटे. मग कॅमेरा पिशवीत घातला.

संध्याकाळी ती संगणकासमोर बसली. तांबडा चतुर पडद्यावर मोठा केला. पंखांच्या मुळाशी असलेले केस एकेक वेगळे दिसत होते. डोळा मात्र शेंदराच्या ठिपक्यासारखा, जाळीचा मागमूस नाही. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही.

नवरा चहाचा कप घेऊन दाराशी टेकला. "काय म्हणतात आमच्या वडिलांचे गुण?"

"डोळा येत नाहीये."

"अगं, म्हाताऱ्या माणसाचा हात. थरथरणारच. ठेव दोन-चार. संगणकात जरा धार लावता येते ना? लाव."

"त्यांनी सांगितलंय गय करू नकोस म्हणून."

"तू काय परीक्षा मंडळ आहेस? दोन फोटो पास केलेस तर कुणाच्या बापाचं काय जाणार आहे?"

"तुझ्याच," ती म्हणाली.

तो हसला आणि आत गेला. तिने तांबड्याला धार लावली. डोळ्याच्या जागी खरखरीत, खोटं काहीतरी तयार झालं. लांबून बघितलं तर खपून जाण्यासारखं होतं.

जेवताना नानांनी विचारलं, "निकाल?"

"दोन पास."

"कुठले?"

"वरून घेतलेला तांबडा. आणि एका टाचणी चतुराचा."

"तांबडा पास?"

"हो."

नाना घास हातात घेऊन थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. उठताना भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी थांबले आणि ते सरळ केलं. "कोण सारखं हे तिरकं करतं?" कॅलेंडर आधीच सरळ होतं. आता ते तिरकं झालं. नवऱ्याने मुकाट्याने उठून ते पुन्हा नीट केलं आणि तिला डोळ्यांनीच 'वय झालं' अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तराजूवर वैतागली होती. "हे बघ ना. दर वेळी वजन जास्तच येतंय. माझा हात लागतोय का कुठे?"

"दर वेळी सारखंच जास्त?"

"तंतोतंत तेवढंच."

"मग हात नाही. हाताने झालं असतं तर कधी जास्त आलं असतं, कधी कमी. शून्य सरकलंय तुझं."

मैत्रिणीने तराजूचं शून्य लावलं, पुन्हा वजन केलं, ते बरोबर आलं आणि ती कामाला लागली. सून मात्र हातातली बाटली तशीच धरून उभी राहिली. आपण बोललो ते आपल्यालाच ऐकू यायला तिला थोडा वेळ लागला.

घरी आल्यावर ती कपडेही न बदलता संगणकासमोर बसली. नापास फोटो ती लगेच पुसून टाकत नसे. त्यांचा एक वेगळा ढीग असे. तो तिने उघडला. तांबडा, निळा, पिवळ्या पट्ट्यांचा. वरून, बाजूने, समोरून. प्रत्येकात स्पष्ट पट्टा कुठे पडला आहे ते ती बघत गेली. थरथरत्या हाताचा नेम कधी डोळ्याच्या अलीकडे गेला असता, कधी पलीकडे. इथे तो सगळीकडे डोळ्याच्या मागेच होता, पंखांच्या मुळाशी, आणि दर वेळी सारख्याच अंतरावर. नानांचा हात दगडासारखा स्थिर होता. चुकत होतं ते दुसरंच काहीतरी.

ती मागे मागे जात राहिली. एका सकाळपर्यंतचे फोटो चांगले होते आणि त्यानंतरच्या सकाळपासून एकही नाही. हळूहळू बिघडत गेल्याची खूणसुद्धा नव्हती. कुणीतरी एका फटक्यात रेघ ओढावी तसं.

तिने कॅमेरा बाहेर काढला. डोळा लावायच्या काचेशेजारी एक बारीकसं चाक असतं. बघणाऱ्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवून ठेवलं की चष्मा न लावताही आतलं नीट दिसतं. घरात त्याला नजरेचं चाक म्हणत. नानांच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक होता. चाक त्यांनी उजव्या डोळ्यासाठी लावलं होतं आणि ते हललं तर कळावं म्हणून जागेवर लाल ठिपका दिला होता. चाक ठिपक्यावरच होतं. मग तिने ते स्वतःच्या नजरेला जुळेल असं फिरवलं, टेबलावर वर्तमानपत्र ठेवलं आणि एका अक्षराचा फोटो घेतला. अक्षर नेमकं आलं. कॅमेऱ्यातही दोष नव्हता. चाक तिने पुन्हा ठिपक्यावर आणून ठेवलं.

पडद्यावर आज सकाळचा नाकाचा डाग होता. घाईत पुसायचा राहिलेला. पुसायला तिने रुमाल घेतला आणि थांबली. डाग पडद्याच्या उजव्या अर्ध्यात होता. इतकी वर्षं ती डाव्या कोपऱ्यातला डाग पुसत आली होती, तेही तिला आता आठवलं. तिने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. नाक डाव्या बाजूला टेकलं. डाव्या डोळ्याला लावला. नाक उजवीकडे.

ती खुर्चीत बसून राहिली. नाना डाव्या डोळ्याने फोटो घेत होते, उजव्याच्या चाकातून. तराजूचं शून्य सरकावं तशी धार दर वेळी तेवढीच मागे पडत होती. ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं की एका डोळ्याची काच दुसऱ्याला चालत नाही, त्या माणसाला हे कळत नव्हतं असं होणं शक्य नव्हतं. आणि उजव्या डोळ्याला कॅलेंडर वाकडं दिसत होतं.

सकाळी तिने डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरळ रेघा वाकड्या दिसतात? अचानक सुरू झालं?" मग म्हणाल्या, "जमेल तितक्या लवकर आणा. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध पाणी किंवा रक्त झिरपत असेल तर थांबवता येतं. पण वाया गेलेला भाग परत मिळत नाही. दिवस घालवू नका."

नानांना नेणं इतकं सोपं नव्हतं. तिने चहाच्या वेळी सहज म्हणावं तसं म्हटलं, "नाना, एकदा नंबर तपासून घ्या ना."

"आचाऱ्याला जेवायला हॉटेलात नेतेस?" नाना म्हणाले. "माझा नंबर मला पाठ आहे."

"नंबराचं नाही, एकदा आतून बघून..."

"माझे डोळे ठणठणीत आहेत," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. वर्तमानपत्र किंचित डावीकडे होतं. ते तसं किती दिवस धरत होते कोण जाणे. तिला आज दिसलं.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी सांगून बघतो." पण वडिलांसमोर उभा राहिल्यावर त्याने विचारलं ते एवढंच, "नाना, डोळ्यांना काही त्रास नाही ना?" नाना नाही म्हणाले आणि तो परत आला.

चाक तिला स्वतःला गुपचूप फिरवता आलं असतं. डाव्या डोळ्याच्या नंबराला जुळवून ठेवलं असतं, तर उद्यापासून फोटो पुन्हा नेमके आले असते, नानांच्या चेहऱ्यावर जुनं 'आला' आलं असतं. आणि मग त्यांना दवाखान्यात जायला कुठलंच कारण उरलं नसतं. दिवसभर बाटल्या हाताळताना तिच्या डोक्यात तेच चाक फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पंपवाल्या काकांचा फोन आला. "तुमच्या सासऱ्यांना सांगा, पाण्यातून एक किडा वर चढतोय. पात्याला धरून बसलाय. तुम्ही म्हणत होता ना, असं दिसलं की कळवा?"

नाना त्या फोनची किती मोसम वाट बघत होते. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, आणि वेळ झाली की एका सकाळी पात्यावर चढून कात टाकतं. कातीतून बाहेर पडणाऱ्या चतुराचा डोळा नेमका धरलेला एक फोटो त्यांना हवा होता. जेव्हा जेव्हा ते टाकीवर पोचले, तेव्हा रिकामी कात लटकत असे.

ते पोचले तेव्हा किडा तिथेच होता, चिखलाच्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा. पाठीवर चीर पडली होती आणि चिरीतून फिकट हिरवं काहीतरी वर फुगत होतं.

"हलू नकोस," नाना म्हणाले. चष्मा काढला. काठी रोवली. "याला बाजूनेच घ्यायचा. कात, डोकं आणि अंग एका रेषेत. मागे काय आहे?"

"टाकीची भिंत. काळी."

"छान. काळी हवी. हा फिकट आहे."

त्यांनी कॅमेरा उचलला. डावा डोळा लावला. तिच्याकडे अर्धी पाठ होती, पण नाक कुठे टेकलं ते तिला दिसलं. चतुराचं डोकं बाहेर आलं. डोळे मोठे आणि धुरकट, साय धरल्यासारखे. नाना झुकले. श्वास सोडला.

"नाना," ती म्हणाली. "चाक फिरवा. ते उजव्या डोळ्याचं आहे."

बटणाचा आवाज झाला नाही. नाना तसेच झुकलेले राहिले. टाकीत कुठेतरी बेडूक डुबकन बुडाला. समोर चतुर कंबरेपर्यंत कातीबाहेर येऊन उलटा लोंबकळू लागला. या अवस्थेत तो बराच वेळ निश्चल राहतो; पायांत बळ येईपर्यंत.

"कधी कळलं?" नानांनी विचारलं. डोळा त्यांनी काचेवरून काढला नव्हता.

"परवा."

"म्हणजे तांबडा पास केलास त्याच्यानंतर."

"हो. तांबडा नापासच होता. मी गय केली."

"मला माहीत होतं. बटण दाबतानाच कळतं, डोळा आला की नाही. तू पास म्हणू लागलीस तेव्हा भीती वाटली. म्हटलं, आता घरातलं शेवटचं खरं बोलणारं माणूस गेलं."

हातातला पांढरा तुकडा तिने जरा घट्ट धरला.

"चाक मी विसरलो नव्हतो," नाना म्हणाले. "फिरवायला बोट न्यायचो. पण फिरवलं की झालंच ना. मग उजवा गेला असं मीच मला सांगितल्यासारखं."

"गेला म्हणजे किती?"

"त्या भिंतीवर पाणी मोजायच्या रेघा आहेत बघ. उजव्याने बघितलं की मधल्या रेघा दोरीसारख्या झोल खातात. आणि मधोमध एक करडा ठिपका. जिथे बघावं तिथे तोच." ते थांबले. "दुकानात अशी माणसं यायची. चष्मेवाले, दाराची चौकट वाकडी दिसते, म्हणायची. मी डॉक्टरकडे पाठवायचो. आणि परत यायची ती हातवाली मोठी भिंगं मागायला. इलाज नाही म्हणे, भिंगातून वाचा. सगळी तशीच परत आली. एकही वेगळं नाही."

"तेव्हा नव्हता इलाज. आता डोळ्यात इंजेक्शन देतात. गेलेलं येत नाही, पण पुढे जाणं थांबतं. लवकर गेलं तर."

"डोळ्यात? सुई?"

"हो."

"तू चौकशी करून बसलीस."

"हो. आज बोलावलंय."

नानांनी कॅमेरा छातीशी आणला. लाल ठिपक्यावर अंगठा ठेवला. तिला वाटलं, आता हा माणूस रागावेल किंवा उठून चालू लागेल. त्यांनी चाक फिरवलं. भिंतीकडे कॅमेरा करून बघितलं, आणखी एक टिचभर फिरवलं, पुन्हा बघितलं.

"हं," ते म्हणाले. "किती दिवस उगाच चाचपडत होतो." मग म्हणाले, "हा उडेपर्यंत थांबू. मग तू म्हणशील तिथे."

तिने पांढरा तुकडा उन्हाच्या आड धरला.

चतुराने एकदम अंग वर फेकलं, स्वतःच्याच रिकाम्या डोक्याला धरलं आणि उरलेली शेपटी ओढून काढली. चुरगळलेले पंख पाठीवर हळूहळू उलगडू लागले, दुधी, ओलसर. नाना झुकत होते, मागे येत होते. बटणाचा आवाज येत होता. मधेच ते पुसटसं पुटपुटले, "टोक कुठे आहे पंखाचं? डावा डोळा कडा बघायला शिकलेला नाही अजून." तिने कॅनचा तुकडा दुसऱ्या हातात घेतला, हाताला रग लागली होती. पंखांतला दुधीपणा जाऊन काच आली. चतुर थरथरला आणि टाकीच्या भिंतीपलीकडे निघून गेला. पात्यावर कात राहिली.

नानांनी चष्मा लावला. "चल," म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नानांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या छेदाचं चित्र दाखवलं. चित्रात थरांवर थर होते आणि मधोमध खालून कुणी बोट घालावं तसा एक उंचवटा. सुनेला तो समजायला फार स्पष्टीकरण लागलं नाही. "मधला थोडा भाग वाया गेलाय," बाई म्हणाल्या. "थोडं आधी आला असता तर..." आणि नानांच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "बाकीचं राखू आपण. दुसऱ्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागेल."

सुईच्या वेळी मदतनीस मुलगी म्हणाली, "आजोबा, अजिबात हलायचं नाही हं."

"मी चतुरांना इतकी वर्षं हेच सांगत आलोय," नाना म्हणाले. "आज माझी पाळी."

दाराबाहेर नवरा उभा होता. कामावरून तसाच आलेला. नाना बाहेर आल्यावर त्याने त्यांचा हात धरला, आणि एरवी झटकून टाकणाऱ्या नानांनी तो धरू दिला.

पट्टी निघाल्यावर एका संध्याकाळी नाना संगणकाजवळ खुर्ची ओढून बसले. आजवर निवडीच्या वेळी ते कधी त्या खोलीत आले नव्हते.

"निकाल?"

ती एकेक फोटो मोठा करत गेली. कातीतून निम्मा बाहेर येऊन उलटा लोंबकळणारा चतुर पडद्यावर आला. मागची भिंत शाईसारखी काळी. आणि डोळा. धुरकटपणाच्या आतसुद्धा जाळी दिसत होती, प्रत्येक खण वेगळा.

"आला," नाना म्हणाले. तिच्याकडे बघून.

"डोळा आला."

"पण?"

"कातीचे पाय खालून कापले गेलेत. चौकटीबाहेर. पात्याला कुठे धरलंय ते दिसतच नाही."

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने घसा खाकरला. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"म्हणजे?" नानांनी विचारलं.

"नापास."

नाना पडद्याजवळ वाकले. डाव्या डोळ्याने खालची कड शोधली. "बरोबर आहे," म्हणाले. "पाय नाहीत तर तो कुठून आला तेच कळत नाही. फेक."

तिने तो ढिगात टाकला. "एक पास आहे. उडायच्या जरा आधीचा. साधाच आहे."

"साधा चालेल."

डॉक्टरीणबाईंनी घरी लावायला चौकटींचा एक कागद दिला होता, आडव्या-उभ्या रेघांचा, मधे ठिपका असलेला. सुनेने तो कॅलेंडरच्या शेजारी चिकटवला. रोज सकाळी टाकीवर जायच्या आधी नाना त्याच्यासमोर उभे राहतात. एक डोळा तळहाताने झाकतात, मग दुसरा. आतल्या खोलीत सून बॅटरी घालून कॅमेरा पिशवीत ठेवत असते आणि तिकडून निकाल येण्याची वाट बघते.

"डावा सरळ," नाना सांगतात.

मग थोडा वेळ काही नाही.

"उजवा वाकडा. पण कालच्याएवढाच."